माती बघणारा माणूस एक नंबर, माती काढणाऱ्यांनी घोळ केला

बुटीबोरीकडे आमचं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे, बाजूचा एक एकर जुना प्लॉट मिळाला तर त्यावर नवीन शेड आणि मागच्या पडीक पट्ट्यात झाडं असं ठरलं. मागचा पट्टा म्हणजे नुसता राखाडा आणि मुरूम, तिथे गवतही नीट येत नाही, म्हणून शेडखालची काळी माती काढून तिकडे पसरवायची. एका फर्मला तपासणी, माती काढणं आणि ढीग लावून देणं असं सगळं पॅकेज दिलं. नाव लिहीत नाही कारण बिलाचं भांडण अजून चालू आहे.

आधी चांगलं सांगतो. तपासायला जे काका आले ते एकदम भारी. मला वाटलं चार पुड्या माती घेऊन जातील, पण त्यांनी कुदळ-फावड्यानं सात ठिकाणी दोन-दोन फूट खड्डे खोदायला लावले आणि चाकूनं खड्ड्याची भिंत खरवडून थर दाखवले, वर भुसभुशीत काळी, मुळं आणि गांडुळं असलेली, खाली पिवळसर चिकट, चुनखडीचे खडे असलेली, मग मुरूम. बाटलीतून ॲसिडचे दोन थेंब टाकले तर खालचा थर चुन्यामुळे सोड्यासारखा फसफसला, वरचा जेमतेम. नाल्याच्या बाजूला कन्हार म्हणजे खोल काळी माती आहे, सव्वा फूट चांगली माती निघेल, पण रस्त्याकडे खरडी म्हणजे उथळ, हलकी माती, तिथे चार इंचाच्या खाली हात लावायचा नाही, असं स्पष्ट सांगितलं आणि खुंट्या ठोकून प्रत्येकीवर खोली लिहिली. नमुना पण नीट घेतला, सगळी माती एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत करत अर्धा किलो. पीएच 8.1 आला, सेंद्रिय कर्ब 0.6 टक्के, आपल्याकडच्या काळ्या मातीला ठीकच म्हणायचं. आधीच्या मालकाचे ड्रम जिथे असायचे त्या कोपऱ्यात डिझेलचा वास होता, ती माती ढिगात अजिबात नको म्हणाले आणि तिचा नमुना वेगळा पाठवला. हे मला सुचलंच नसतं.

आता दुसरी बाजू. मार्चचं काम, आले जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर. रिपोर्टमध्ये यांनीच लिहिलंय की वापसा आल्याशिवाय, म्हणजे जादा पाणी उतरून माती कामाजोगी झाल्याशिवाय मशीन घालू नये, मुठीत दाबून माती चिकटत असेल तर थांबा, ओली काळी माती मशीनखाली दाबली गेली की वाळल्यावर विटेसारखी होते. कोण थांबतंय! पोकलेन तासावर, ऑपरेटरला खुंट्यांचं काही सांगितलेलंच नाही, त्यानं सरसकट एक फूट ओढलं. म्हणजे रस्त्याकडे आठ इंच मुरूम-चुनखडी मातीत मिसळली आणि नाल्याकडे तीन इंच चांगली माती खालीच राहिली. बकेट पण सपाट धारेचं नाही, दातांचं. टिप्पर तर अजून न काढलेल्या मातीवरूनच फिरवले. ढीग दोन मीटरच्या वर नको असं लिहून देणाऱ्यांनी टिप्पर वर चढवून चढवून पाच मीटरचा डोंगर केला, तोही पाण्याच्या वाटेत. एवढ्या उंच ढिगात आत हवा जात नाही, मातीतली जिवंत गोष्ट मरते, मग पसरवून काय उपयोग.

शेवटी आम्हीच जेसीबी लावून तो ढीग बसका केला, वर ताग आणि धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं टाकली. नाल्याकडची माती होती तिथे ताग कमरेएवढा आला, मुरूम मिसळलेल्या भागात वीतभर पिवळी रोपं, लांबून बघितलं तरी कुठे काय मिसळलंय ते कळतं.

मोठ्या खाणींना पर्यावरण परवानगीत वरची माती वेगळी साठवायची अट असते, आमच्यासारख्या एक एकरवाल्याला कोण विचारतंय, म्हणून ठेकेदार पण हलक्यात घेतात. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं गुमगावला मॅंगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्याचा प्रेसमड (रस गाळून उरलेली मळी) आणि जिवाणू खतं घालून झाडं वाढवली, कारण तिथे माती उरलीच नव्हती. आमच्याकडे आयती होती तर ही गत.

बिलाचं सांगायचं राहिलं. ब्रासवर (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) रेट ठरला होता पण माप कुठे घ्यायचं ते कागदावर नव्हतं, ही माझी चूक. खड्ड्यांच्या हिशोबानं चांगली माती 280 ब्रासच्या आसपास होती. यांनी ढीग मोजला, उकरलेली माती फुगते, वर तो मुरूम पण धरला, आणि बिल आलं 520 ब्रासचं. तपासणीचे पैसे मी त्याच दिवशी दिले, काकांना परत बोलवायचं झालं तर बोलवेन, फक्त मशीन चालेल त्या दिवशी त्यांना साइटवर उभं करीन, वेगळी फी लागली तरी. बाकीचे पैसे खुंट्यांच्या मापानं देतो म्हटलंय, ते ढिगावर अडून बसलेत.