डिह्युमिडिफायर, काही महिन्यांनंतर: कपडे वाळले, आकड्याचं भांडण मिटेना

सर्व्हिसवाल्यांनी माझी तक्रार पुन्हा ‘निराकरण झाले’ म्हणून बंद केली, त्या तिरमिरीत हे लिहितोय. डिह्युमिडिफायर म्हणजे हवेतला ओलावा ओढून त्याचं टाकीत पाणी करणारं मशीन; माझं कॉम्प्रेसरवालं, दिवसाला 12 लिटर पाणी काढणारं. बाकीची माहिती खोक्यावर असते, ती इथे परत देत नाही. फक्त ते 12 लिटर 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रतेला मोजलेले असतात हे ध्यानात ठेवा. खोली 60 टक्क्यांवर आली की पाणी निम्म्याच्या आसपास निघतं. ही कंपनीची लबाडी नाही, हवेतच नाही तर मशीन आणणार कुठून?

माझं भांडण आहे ते पुढच्या पॅनलवरच्या आकड्याशी. 50 लावलं की खोली 50 टक्क्यांवर आली असं वाटताच मशीन थांबतं. सकाळी बघावं तर डिस्प्लेवर ऐटीत 50, मशीन गप्प, आणि जीन्सचा कंबरपट्टा हाताला गार. खिशांची अस्तरं त्याहून गार. पातळ शर्ट वाळतात हो, पण शर्ट वाळवायला मशीन कोण घेतं?

आधी जे चांगलं आहे ते सांगतो. कपड्यातलं पाणी उडतं ते हवेत अजून किती वाफ मावते त्या हिशोबाने. तापमान तेच धरलं, तर 90 टक्क्यांच्या हवेत 10 टक्के जागा उरलेली असते आणि 50 टक्क्यांच्या हवेत 50. म्हणजे जवळपास पाचपट वेग. भर पावसाळ्यात हा फरक डोळ्यांना दिसतो आणि नाकाला त्याहून जास्त. कुबट वासामागे बहुतेक वेळा मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो. तो धुण्यातून तगून राहतो आणि कपडा ओलसर राहील तेवढा वेळ फावतं त्याचं. टॉवेल लवकर वाळायला लागले आणि तो वास गेला. या एका कारणासाठी मशीन मी परत केलं नाही.

आता आकडा. शंका आली म्हणून वेगळं छोटं आर्द्रतामापक घेतलं. पण ते तरी खरं कशावरून? त्यावर जुना, फुकटचा उपाय आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं, ओल्या वाळूसारखं होईल इतपतच पाणी घालायचं, मिठाचं झाकण आणि मीटर घट्ट डब्यात बंद करून रात्रभर ठेवायचं. आत 75 टक्के झालेच पाहिजेत, 20 ते 30 अंशांत हा आकडा जवळजवळ हलत नाही. (डबीतलं मीठ सादळतं तेही याच आकड्यापायी. 75 च्या वर मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं.) माझ्या मीटरने 73 दाखवले. म्हणजे त्याच्या आकड्यात दोन मिळवायचे, झालं.

मग कपड्यांच्या स्टँडवर मीटर टांगलं. दोन मिळवून 62. मशीनवर 50.

सर्व्हिसचा माणूस आला. “सर, पाच टक्के इकडेतिकडे चालतं.” म्हटलं, “दादा, बारा आहेत हे.” “तुमचं मीटर चुकीचं असेल.” “मिठावर तपासलंय.” “मिठावर?” असं म्हणून त्याने माझ्याकडे जे बघितलं, ते मी विसरणार नाही. तरी वॉरंटी होती, सेन्सर बदलून दिला. फरक तसाच राहिला.

इथे माझं मत फिरलं. मशीन चालू असताना मीटर थेट त्याच्या मागच्या जाळीपाशी धरलं, तर तिथेही 50 च! म्हणजे सेन्सर बिचारा खरंच बोलतो, पण तो बोलतो त्याच्या नाकाशी आलेल्या हवेबद्दल. या मॉडेलमध्ये हवा मागून आत जाते आणि वरून बाहेर पडते, तीही मागे कललेल्या जाळीतून. गरम, कोरडी हवा भिंतीवर आपटते आणि त्यातली बरीच परत आत. पुस्तिकेत लिहिलंय तेवढं अंतर भिंतीपासून सोडलेलं आहे, तरीही. आणि फसायला फार काही लागत नाही: 28 अंश आणि 62 टक्क्यांची हवा एक थेंबही न काढता नुसती 32 अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता (म्हणजे त्या तापमानाला मावू शकते त्यापैकी किती टक्के वाफ हवेत आहे तो आकडा) 49 वर येते, कारण गरम हवेत वाफ जास्त मावते. तेव्हा सेन्सरवरचा राग मी मागे घेतला आणि ती जाळी ज्याने आखली त्याच्यावर काढला. ‘निराकरण’ म्हणून बंद केलेल्या तक्रारीत या जाळीचा उल्लेखही नाही.

सध्या 50 वर लावतच नाही. आकड्याकडे न बघता सलग चालणारा लाँड्री मोड लावतो, मशीन खोलीच्या मध्ये ओढतो, स्टँडवर टेबलफॅनचा झोत सोडतो. फॅनने हवा कोरडी होत नाही, पण कपड्याला चिकटून बसलेला दमट हवेचा थर हलतो आणि कंबरपट्टा त्यानेच वाळतो.

विजेचं म्हणाल, तर लिटरभर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 0.68 युनिटएवढी उष्णता लागते. मशीनमध्ये वाफेचं पुन्हा पाणी होताना ती खोलीत परत येते, वर मशीनने खाल्लेली वीजही उष्णताच होते. बंद खोली चांगलीच तापते, उन्हाळ्यात तिथे बसवत नाही. माझ्या प्लगमीटरवर सुरुवातीचं पाणी लिटरमागे अर्ध्या-पाऊण युनिटात निघतं, शिवणीत अडकलेलं शेवटचं पाणी दुपटीहून महाग पडतं. म्हणून चिकटपणा म्हणा हवा तर, पण जाड कपड्यांना वॉशिंग मशीनमध्ये दुसऱ्यांदा स्पिन देतो. फिरवून झटकलेल्या पाण्याची वाफ करावी लागत नाही, ते कितीतरी स्वस्तात सुटतं. आणि सुती कपडा ‘कोरडा ठणठणीत’ करायच्या नादी लागू नका. 65 टक्क्यांच्या हवेत 100 ग्रॅम सुक्या सुतात सात-आठ ग्रॅम पाणी असतंच, पॉलिएस्टरमध्ये अर्धा ग्रॅमही नसतं. सूत जास्त सुकवलंत तरी दार उघडल्यावर ते आपला वाटा परत घेणार.

अडकणारा लाकडी ड्रॉवर सरकायला लागला, पुस्तकांची कव्हरं वाकायची थांबली. बुटांना मात्र फारसा फरक नाही, आत हवाच फिरत नाही.

थंडीत मशीन बंद ठेवा. बाहेर 10 अंश आणि 90 टक्के असले, तरी ती हवा घरात येऊन 22 अंशांपर्यंत तापली की 42 टक्के होते. खिडकी आणि पंखा पुरे, शिवाय गारठ्यात कॉम्प्रेसरवाल्या मशीनच्या कॉइलवर बर्फ धरतो.

नवीन घेणार असाल तर दुकानात मशीन चालू करायला लावा आणि गरम हवा कुठे जाते ते हात धरून बघा. सरळ वर किंवा पुढे जात असेल तरच घ्या. सेन्सर किती अचूक हे विक्रेत्याला विचारू नका, त्याला ते माहीत नसतं. त्यापेक्षा टाकीऐवजी नळी लावायची सोय आहे का ते विचारा. लाँड्री मोडमध्ये टाकी मध्यरात्री भरते आणि मग ते मशीन जे पिकपिक करतं, त्याला बंद करायचं बटण नाही.