चोकोला आई मिळाली, पण अंडं कोणाचं होतं? दत्तक मुलांसाठीची दोन चित्रपुस्तकं

बाळ बघायला आलेल्या माणसाच्या तोंडून आपल्याकडे पहिलं वाक्य निघतं, "कोणावर गेलंय गं?" मग नाक आजीचं, कपाळ मामाचं अशी वाटणी सुरू होते. माझी नात आठ महिन्यांची असताना शिशुगृहातून आमच्या घरी आली, तेव्हा हीच वाटणी करायला आलेले नातेवाईक एकदम गप्प झाले. तिला कळायला लागल्यावर या प्रश्नाचं काय करायचं, याची काळजी मला तेव्हापासून होती. केइको कासझा यांच्या 'अ मदर फॉर चोको'नं ती बरीच हलकी केली.

चोको हा गुबऱ्या गालांचा, पट्टेरी पायांचा छोटा पिवळा पक्षी. एकटाच राहतो आणि आई शोधायला निघतो. जिराफबाई त्याच्यासारख्या पिवळ्या, पण त्यांना पंख नाहीत. पेंग्विनबाईंना पंख आहेत, पण असे गाल नाहीत. वॉलरसबाईंना गाल आहेत, पण पायांवर पट्टे नाहीत, वर त्या खेकसतातही. शेवटी सफरचंदं तोडणाऱ्या अस्वलबाई दिसतात. त्यांच्यात चोकोसारखं काहीच नाही, म्हणून त्याला रडू फुटतं. तुला आई असती तर तिनं काय केलं असतं, असं त्या त्याला विचारतात. जवळ घेतलं असतं, पापा घेतला असता, गाणं म्हटलं असतं, नाचली असती. अस्वलबाई हे सगळं तिथल्या तिथे करतात आणि त्याला घरी घेऊन जातात. घरी आधीच तीन लेकरं आहेत: एक पाणघोडा, एक मगर, एक डुक्कर.

या तिघांच्या पानावर माझी नात दर वेळी थांबते. चौघांत कोणीच कोणावर गेलेलं नाही आणि त्याचं कोणाला काही वाटतही नाही. पुस्तक ते समजावत बसत नाही, फक्त दाखवतं. वाक्यं इतकी छोटी आहेत की इंग्रजी पुस्तक मांडीवर उघडून मी सरळ मराठीत सांगत जाते. मध्यंतरी घरात येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, "तुमच्या पायाला पट्टे आहेत का?" कोणाच्याच नाहीत हे ऐकून तिला फार आनंद व्हायचा.

चार वर्षांची झाल्यावर मात्र तिनं विचारलं, "आज्जी, चोकोचं अंडं कोणाचं होतं?"

पुस्तकात याचं उत्तर नाही. गोष्ट सुरू होते तेव्हा चोको एकटा आहे. का, ते कुठेच येत नाही. दोन वर्षांच्या मुलाला हे चालतं. चार वर्षांच्या मुलाला चालत नाही, आणि मोठ्यांनी मायेच्या जोरावर हा प्रश्न दाबू नये असं मला फार मनापासून वाटतं. मूल विचारतंय म्हणजे त्याची आपल्यावरची माया कमी झालेली नसते. मी नातीला म्हटलं, "मला विचारलंस, याचाच मला आनंद झाला."

म्हणून दुसरं पुस्तक आणलं, 'टेल मी अगेन अबाउट द नाइट आय वॉज बॉर्न' (१९९६). लेखिका जेमी ली कर्टिस, म्हणजे हॉलिवूडची नटी. ती स्वतः दत्तक मुलांची आई आहे. लॉरा कॉर्नेल यांची चित्रं गजबजलेली आहेत, बघावं तितकं कमी. यातली मुलगी आईबाबांना म्हणते, मी जन्मले त्या रात्रीची गोष्ट पुन्हा सांगा. खरं तर ती तिला पाठ आहे, सांगते तीच: रात्री आलेला फोन, विमानाचा प्रवास, बाळाचं पहिलं दर्शन. आणि जिच्या पोटात ती वाढली, ती बाई बाळ सांभाळायला फार लहान होती, हेही. एवढाच उल्लेख आहे, पण आहे. माझ्या नातीनं त्या जागी बोट ठेवून दोनदा वाचायला लावलं.

आपल्या घरांत हे पुस्तक जसंच्या तसं चालणार नाही. आपल्याकडे जन्माच्या रात्री फोन येत नाही. मूल सोपवणाऱ्या आईवडिलांना फेरविचारासाठी कायद्यानं दोन महिने मिळतात, मग बालकल्याण समिती मूल दत्तक देण्यास मोकळं असल्याचं जाहीर करते. त्यानंतर रांगेत असलेल्या पालकांना फोटो आणि अहवाल दिसतात, आणि मूल आपल्यासाठी राखून ठेवायला ४८ तास मिळतात. सप्टेंबर २०२२ पासून अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. म्हणजे आपल्या मुलांच्या गोष्टीत असे महिने असतात जेव्हा जन्मदातीही जवळ नसते आणि आम्हीही नसतो. त्या काळात दूध पाजणारी, रात्री उचलून घेणारी शिशुगृहातली मावशी असते. तिला एकही पान न देणारं पुस्तक आमच्यासाठी अपुरं आहे. मी सांगताना फोनच्या जागी फोटो घालते आणि मावशींचं पान पदरचं जोडते.

आपल्या पुराणात दत्तकाच्या गोष्टी आहेतच की, असं मला सांगितलं जातं. कर्णाची मी अजून सांगितलेली नाही. मुलांच्या पुस्तकांत ती बहुधा पेटीपासून निघते आणि कुंतीपाशी येऊन थांबते. राधा-अधिरथाच्या घरातल्या बालपणाला जेमतेम एखादी ओळ मिळते. कृष्णाची मात्र मजेत सांगते. देवकीनं जन्म दिला, यशोदेनं लोणी चारलं आणि उखळाला बांधलंही. दोघींची नावं घरात सहज घेतली जातात, एकीमुळे दुसरी उणी होत नाही.

मूल तीनच्या आतलं असेल तर चोको घ्या. चारच्या पुढचं असेल तर दुसरं, पण आधी स्वतः वाचून तुमच्या मुलाची खरी हकिकत कुठे घालायची ते ठरवा. दत्तक नसलेल्या भाचे-पुतण्यांनाही वाढदिवसाला चोको जरूर द्या. "तू कोणासारखी दिसतेस?" हा प्रश्न माझ्या नातीला बालवाडीत त्यांच्याच वयाची मुलं विचारतात.