ई-रीडर काही महिने वापरल्यावर: स्क्रीन झकास, कुलपाचा वैताग

सहा इंची ई-इंक स्क्रीनचा रीडर घेऊन आता बरेच महिने झाले. पहिल्या आठवड्यात लिहायला बसले असते तर तीन वाक्यांत काम झालं असतं: स्क्रीन झकास, बॅटरी संपता संपत नाही, डोळे झाकून घ्या. पहिली दोन वाक्यं आजही तशीच ठेवते. तिसरं मात्र खोडते. रोज वापरल्यावर कळतं की या यंत्रातलं सुखदुःख स्क्रीनवर कमी आणि पुस्तकाच्या फाइलला कुलूप (डीआरएम, म्हणजे फाइल कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं डिजिटल बंधन) आहे की नाही यावर जास्त अवलंबून आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खालच्यापैकी बरंचसं कुठल्याही कंपनीच्या रीडरला थोड्याफार फरकाने लागू पडेल.

आधी स्क्रीन. १०७२ × १४४८ पिक्सेल, म्हणजे इंचाला ३००. या दाटपणाला मजकूर छापल्यासारखाच दिसतो, जोडाक्षरांचे बारीक कोपरेसुद्धा. ई-इंकमध्ये काळे-पांढरे कण सरकून अक्षर उमटतं आणि एकदा उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही. वीज लागते ती पान बदलताना आणि स्क्रीन उजळणाऱ्या दिव्याला. म्हणून वाय-फाय बंद ठेवलं की चार्जरची आठवण आठवडे-आठवडे येत नाही. भर उन्हात फोनची स्क्रीन हात जोडते, ही उलट जास्त खुलते. पान बदलल्यावर मागच्या पानाची पुसट सावली कधीकधी राहते. दर काही पानांनी पूर्ण रिफ्रेश लावला की ती जाते, मधेच एक काळी झपकी दिसते एवढंच. त्याची दोन दिवसांत सवय होते.

पीडीएफ हा या आकाराचा कच्चा दुवा. ए-४ पानाची पीडीएफ सहा इंचांत बसवली की मुंग्या वाचल्यासारखं होतं, आणि मोठी करून डावीकडे-उजवीकडे सरकवत बसायला ई-इंकचा वेग पुरत नाही. त्यात मराठीची आणखी एक गोम आहे. युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टांत बनवलेल्या पीडीएफ अजून ढिगाने फिरत असतात. दिसायला देवनागरी, पण मजकूर कॉपी केला की हाती येतो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. अशा फाइलमध्ये शोध चालत नाही, शब्दकोश चालत नाही, आणि ती ईपबमध्ये, म्हणजे ई-पुस्तकाच्या नेहमीच्या फाइल-प्रकारात, बदलायला गेलात तर तोच चिवडा ईपबमध्ये मिळतो.

यावर मला उतारा मिळाला तो कोरीडरमध्ये. कोरीडर हे पुस्तकं वाचायचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, कोड सगळ्यांना खुला ठेवणाऱ्या एजीपीएल परवान्याचं. ते रीडरच्या मूळ सॉफ्टवेअरला धक्का न लावता त्याच्या शेजारी राहतं. काही यंत्रांवर नुसतं फोल्डर कॉपी करून चालतं, काहींवर आधी कंपनीचं कुंपण ओलांडावं लागतं. त्याची पीडीएफ रिफ्लोची सोय पानाकडे चित्र म्हणून बघते: शब्दांचे तुकडे कापते आणि लहान स्क्रीनच्या रुंदीत पुन्हा ओळी लावते. आत फॉन्ट कुठला आहे, युनिकोड आहे की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नसतं. त्यामुळे जुन्या पीडीएफ आणि स्कॅन केलेली पानंसुद्धा वाचण्याजोगी होतात. पान तयार व्हायला वेळ लागतो, तक्त्यांचा विचका होतो, पण कथा-कादंबरीचं काम भागतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्या मराठी ईपबकडे वळते. मराठीतला ल आणि श यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी असतात, हे आपल्या डोळ्यांना सांगावं लागत नाही. चांगल्या देवनागरी फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, पण मराठी वळण कधी दाखवायचं हे ठरतं फाइलमधल्या भाषेच्या खुणेवरून. तिथे 'एमआर' (मराठीची खूण) लिहिलेलं असेल तर मराठी ल, नाहीतर बहुधा हिंदी. ऱ्या, ऱ्हा यांचीही अशीच गोम: फॉन्ट आणि यंत्राचं अक्षर रेखाटणं नीट असेल तर 'दऱ्या'मधला अर्धा र आपल्या ओळखीचा येतो, नसेल तर पायमोडका हलन्त किंवा भलत्याच जागी टिंब. मी घेतलेल्या पुस्तकांपैकी काहींमध्ये भाषेची खूण चुकलेली होती, एकात तर भाषा इंग्रजी लावलेली. कुलूप नसलेलं पुस्तक असेल तर कॅलिबर या संगणकावरच्या ई-पुस्तकं हाताळायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचं, खूण बदलायची, हवा तो फॉन्ट घालायचा, चहा गार व्हायच्या आत काम तमाम. कुलूपबंद पुस्तकात मात्र पैसे मोजूनही 'शाळा'मधला श आणि 'लाट'मधला ल हिंदी वळणाचे, असं निमूट वाचायचं. फाइल उघडता येत नाही, म्हणून दुरुस्तही करता येत नाही. डीआरएमवरच्या चर्चेत चोरी, हक्क, कायदा हे सगळं येतं. साधी अक्षरदुरुस्ती कुणी काढत नाही. मला रोज टोचतं ते हेच.

कुलूप चालतं कसं, ते थोडक्यात. दुकानातून 'डाउनलोड' केलं की बऱ्याचदा पुस्तक येतच नाही. ॲडोबीच्या पद्धतीत हाती येते ती काही केबींची एक चिठ्ठी, एसीएसएम नावाची. ठरावीक सॉफ्टवेअरने ती सर्व्हरला दाखवायची, मग खरी फाइल उतरते, ती आपल्या खात्याच्या किल्लीने बंद केलेली. ती उघडणार फक्त त्या खात्याची परवानगी असलेल्या यंत्रांवर. काही कंपन्यांचा कारभार याहून बंदिस्त: फाइल त्यांच्याच यंत्रात, त्यांच्याच ॲपमध्ये. म्हणजे आपल्याकडे असतं ते पुस्तक नव्हे, वाचायची परवानगी. हे आता कायद्यानेही मान्य झालंय. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार, डिजिटल वस्तूसाठी 'विकत घ्या' असं बटण लावायचं असेल तर हा फक्त परवाना आहे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं.

परवाना परत गेल्याची उदाहरणंही जुनी आहेत. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची काही पुस्तकं ग्राहकांच्या किंडलमधून, म्हणजे ॲमेझॉनच्याच रीडरमधून, परस्पर पुसली. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, हे कारण खरं होतं, पैसेही परत केले, नंतर ॲमेझॉनचे तेव्हाचे प्रमुख बेझोस यांनी जाहीर माफी मागितली. पण पुसता येतं हे सगळ्यांना दिसलं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि विकलेली पुस्तकंही उघडेनाशी झाली. तिथेही पैसे परत मिळाले, म्हणजे वागणूक सभ्यच होती. तरी वाचता वाचता खुणा केलेलं पुस्तक आणि त्याची किंमत यांत फरक असतो. २६ फेब्रुवारी २०२५ ला किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकायची सोय ॲमेझॉनने काढून घेतली. त्यात कुणाचं पुस्तक गेलं नाही, पण स्वतःजवळ प्रत ठेवायची एक वाट बुजली.

माझा स्वतःचा अनुभव याच्यापुढे किरकोळ. रीडरचं एक अपडेट आलं, रात्रीत बसलं, आणि दुसऱ्या दिवशी प्रवासात अर्धं वाचलेलं पुस्तक उघडलं तर उत्तर आलं: परवानगी नाही, पुन्हा लॉगिन करा. गाडीत नेटवर्कच्या नावाने शंख. त्याच यंत्रातली विनाकुलपाची सगळी पुस्तकं मात्र निमूट उघडत होती. घरी आल्यावर लॉगिन केलं, तरी पुस्तक उघडेना. कंपनीच्या मदत केंद्राने ठरलेलं औषध दिलं: फॅक्टरी रीसेट. केबल लावून सगळं आधी संगणकावर उतरवून घेतलं, रीसेट केलं, पुस्तक परत आलं. नुकसान काही नाही, एक संध्याकाळ गेली. पण ज्याने पैसे भरले त्याच्याच वाट्याला ही संध्याकाळ येते. कुठूनतरी फुकट फाइल ढापणाऱ्याला कधी लॉगिन करावं लागत नाही, रीसेट तर सोडाच.

उताऱ्यांची गोष्ट याहून चीड आणणारी. मी वाचताना खूप खुणा करते. एका जाड वैचारिक पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणांपर्यंत आले आणि नंतर उतारे बाहेर काढायला गेले, तर निम्म्याच्या पुढे मजकुराऐवजी एकच ओळ: मर्यादा संपली. पुस्तकातला किती टक्के मजकूर उतरवून घेऊ द्यायचा, हे प्रकाशकाला ठरवता येतं. खुणा स्क्रीनवर दिसतात, बाहेर काढता येत नाहीत. कोरीडरमध्ये खुणा पुस्तकाच्या शेजारीच वेगळ्या फोल्डरमध्ये साठतात आणि साध्या मजकुराच्या, मार्कडाउनच्या किंवा एचटीएमएलच्या रूपात बाहेर येतात. संगणकावर कॉपी केलं की संपलं.

कोरीडरची भलामण करतेय म्हणून त्याचे दोषही सांगते. मेन्यू म्हणजे भुलभुलैया आहे. वरच्या पट्टीत चिन्हं, चिन्हाखाली यादी, यादीत आणखी यादी, आणि एखादं सेटिंग कालच सापडलं होतं ते आज सापडत नाही. पहिले काही दिवस चुकून काहीतरी दाबलं जातं आणि पान आडवं होतं. ज्यांना 'चालू केलं की चाललं पाहिजे' एवढंच हवंय त्यांनी मूळ सॉफ्टवेअरच वापरावं, ते दिसायलाही देखणं असतं. शिवाय कोरीडर कुलूपबंद पुस्तकं उघडत नाही, त्यामुळे मला दोन्हींत येजा करावी लागते. कॅलिबरही दिसायला जुन्या वळणाचं, बटणांनी खच्चून भरलेलं. पण २००६ मध्ये कोविद गोयल यांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर आजही जोमात सुधारतंय, फुकट आहे, लिनक्ससकट सगळीकडे चालतं, आणि ई-पुस्तकांच्या बाबतीत त्याला न येणारं काम मला अजून सापडायचंय.

कुलपं तोडायची साधनं नेटवर मिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मी त्यावर लिहिणार नाही. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याने, काही अपवाद सोडता, कुलूप तोडणंच बेकायदा ठरवलं, मग पुस्तक तुम्ही विकत घेतलेलं का असेना. इतर देशांत नियम वेगवेगळे आहेत, आपापला बघून घ्यावा. कुलपांचा एक विचित्र फटका अंध वाचकांना बसला. २००९ मध्ये किंडल पुस्तक मोठ्याने वाचून दाखवू लागलं, तेव्हा अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेने हरकत घेतली आणि ही सोय पुस्तकागणिक बंद करायचा अधिकार हक्कदारांना मिळाला. डोळस माणसाला त्यात एक सोय गेल्यासारखं वाटेल. अंध वाचकाचं मात्र पुस्तकच गेलं.

तरीही कुलूप म्हटलं की सरसकट दगड मारावा, असं मला वाटत नाही. ग्रंथालयाचं ई-पुस्तक मी कुलपासकट आनंदाने घेते. मुदत संपली की ते उघडेनासं होतं, आणि ते रास्तच आहे, कारण ते उसनंच घेतलं होतं. कुणी फसवलेलं नसतं. महिन्याला पैसे भरून हवं ते वाचा, ही योजनाही तशीच: भाडं ते भाडं. खटकतं ते विक्रीच्या पाटीखाली चाललेलं भाडं.

आणि कुलूप काढलं तर धंदा बुडेल, हा धाकही फारसा खरा ठरलेला नाही. ॲपलने २००९ मध्ये आयट्यून्सच्या गाण्यांवरचं कुलूप काढलं, आज गाणं विकत घेताना कुणाला डीआरएम आठवतही नाही. टॉर या विज्ञानकथांच्या प्रकाशनाने २०१२ मध्ये आपली ई-पुस्तकं मोकळी केली आणि वर्षभराने सांगितलं की चोरी वाढल्याचं काही दिसलं नाही. काही प्रकाशक कुलपाऐवजी पुस्तकात खरेदीदाराचं नाव उमटवतात. मला तो मधला मार्ग पसंत आहे: फाइल माझी, आणि ती चव्हाट्यावर टाकायची छाती होणार नाही.

आता माझी घडी बसली आहे. एकदा वाचून सोडून द्यायची पुस्तकं ग्रंथालयातून किंवा भाड्याने, कुलपासकट. पुन्हा पुन्हा उघडायची, खुणा करायची पुस्तकं विनाकुलपाची मिळाली तरच ई-रूपात, नाहीतर सरळ कागदी. जुनं मराठी साहित्य विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयातून, तिथून थेट ईपब उतरवता येतं, भाषेची खूण बहुधा नीट असते आणि नसली तर लावता येते.

रीडर घ्यायचा विचार असेल तर तो परत करायची मुदत संपायच्या आत एवढं करून बघा. खातं न उघडता यंत्र चालू होतं का ते बघा. काही यंत्रं पहिल्याच पडद्यावर अडवतात. केबल लावून एक मराठी ईपब टाका आणि त्यात 'तऱ्हा', 'दऱ्या', 'शील', 'क्लृप्ती' कसे दिसतात ते तपासा. स्वतःचा फॉन्ट टाकता येतो का ते पाहा. दहा-बारा खुणा करा आणि त्या संगणकावर बाहेर काढून दाखवा. मग वाय-फाय बंद करून दुकानातलं एक पुस्तक आणि बाहेरून टाकलेलं एक पुस्तक, दोन्ही यंत्र बंद-चालू करून उघडा. आणि पीडीएफच जास्त वाचत असाल तर हे काहीच करू नका, सरळ दहा इंची घ्या.