शेअरिंगची आयसी उडाली म्हणे

'शेअरिंगची आयसी' नावाचा भाग, म्हणजे अशी चिप, कुठल्याच कॉम्प्युटरमध्ये नसते. हे मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून त्या नसलेल्या आयसीपायी माझे ६,३५० रुपये गेले, आणि त्याच्या आधी २५० पत्रिका रद्दीत गेल्या त्या वेगळ्याच.

सांगलीत घराच्या पुढच्या खोलीत माझं डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, वर्षश्राद्धाची पत्रकं. कॉम्प्युटर दोन. माझ्यावर कोरल ड्रॉमध्ये मजकूर लागतो, पलीकडच्या टेबलावर बायको प्रूफ वाचते आणि तिच्या लेझर प्रिंटरवर स्क्रीन प्रिंटिंगसाठी ट्रेसिंग काढते. फायली सगळ्या माझ्या मशीनवर, 'पत्रिका' नावाच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये. तिनं तिथूनच उघडायच्या. सहा वर्षं हे असंच बिनबोभाट चाललं होतं.

तुळशीचं लग्न झालं, सराई सुरू झाली आणि नेमका तेव्हाच इंटरनेटवाल्यांनी भिंतीवरचा जुना बॉक्स काढून नवा बसवला. दुसऱ्या दिवशी बायकोच्या मशीनवर फोल्डर उघडेना. 'नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड', खाली ८००७००३५ वर संपणारा एक आकडा. दोन्ही मशीन बंद करून चालू केली, वायरी काढून घातल्या, बॉक्सही बंद करून पाहिला. काही नाही. मग पेनड्राइव्ह. इकडची फाइल तिकडे, तिकडची दुरुस्ती इकडे. चौथ्या दिवशी जुनी फाइल ट्रेसिंगला गेली. मुहूर्त सायंकाळी ६ वाजून ३५ मिनिटांचा, छापला गेला दुपारी १२ वाजून ३५ चा. वधूपित्यानं पहिलंच कार्ड हातात घेतलं आणि न बोलता खाली ठेवलं. ती २५० कार्डं मी पदरमोड करून पुन्हा छापून दिली. अशा मनःस्थितीत माणूस कॉम्प्युटरवाल्याला फोन करतो, आणि समोरच्याला ते आवाजावरूनच कळतं.

त्याचं नाव लिहीत नाही. गावात दुकान आहे, बोलायला गोड आहे, 'काका, काका' करतो. आला, काळी खिडकी उघडली, माझ्या मशीनचा नेटवर्कमधला आकडा टाकून पिंग मारलं, म्हणजे 'आहेस का' म्हणून हाक मारली. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' चार वेळा. "बघा काका, डेड आहे. तुमच्या बोर्डावरची शेअरिंगची आयसी उडाली."

बायकोनं प्रूफावरून मान वर केली. "अहो, पण त्याच वायरीतून इंटरनेट चालतंय की!"

त्याला उत्तर शोधायला दोन सेकंदही लागले नाहीत. "वहिनी, इंटरनेटची लाइन वेगळी, शेअरिंगची आयसी वेगळी." आणि मी, शहाणा, तिलाच म्हणालो, "तू तुझं प्रूफ बघ."

अख्ख्या प्रकरणात तेवढा एकच प्रश्न बरोबर होता. पोर्ट, म्हणजे सीपीयूच्या मागची वायर खोचायची खाच, एक. वायर एक. त्यातून इंटरनेट येतंय म्हणजे पोर्ट जिवंत आहे, वायर जिवंत आहे, बॉक्सही जिवंत आहे. मग फोल्डर दिसत नसेल तर बिघाड सेटिंगमध्ये शोधायचा, तो काही पेचकसानं निघत नाही. पिंगचंही तेच. विंडोजची फायरवॉल, म्हणजे आतला राखणदार, बाहेरच्या पिंगला उत्तर देत नाही तेव्हा धडधाकट मशीनही असंच गप्प बसतं. त्यानं पिंग मारलं ते फक्त माझ्या मशीनला. बॉक्सला, म्हणजे आमच्याकडे १९२.१६८.१.१ ला, मारलं असतं तर चारही उत्तरं आली असती. ते त्यानं मारलं नाही.

सीपीयू दुकानात नेला, 'बेंचवर लावून बघावं लागेल' म्हणून. दोन दिवसांनी परत आणला तो नवीन लॅन कार्ड, म्हणजे नेटवर्कच्या वायरीचं वेगळं पोर्ट, घालून. सोबत नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडायचा आठ पोर्टांचा स्विच आणि वीस मीटर निळी केबल. मशीन दोन, स्विच आठ पोर्टांचा. का, ते मी विचारलं नाही. मागच्या जुन्या पोर्टावर त्यानं काळी टेप चिकटवली होती. "चुकून इथं वायर लावू नका काका, शॉर्ट होईल." मग मला म्हणाला, जरा पाणी द्या. पाणी घेऊन आलो तोवर फोल्डर उघडलेलं होतं.

हिशेब एका फुकट गेलेल्या पत्रिकेच्या मागं लिहून दिला: कार्ड १,४५०, स्विच २,२००, 'प्युअर कॉपर कॅट सिक्स' १,२००, कॉन्फिगरेशन १,५००. पक्कं बिल हवं असेल तर १८ टक्के जादा. मी रोख दिले. सराईत ११४३ रुपये वाचवल्याचा आनंदही झाला, खोटं कशाला सांगू.

महिन्याभरानं व्होल्टेज वरखाली होऊन भिंतीवरचा बॉक्स जळाला. इंटरनेटवाल्यांचा पोरगा दुसरा लावून गेला आणि फोल्डर परत गायब. कॉम्प्युटरवाल्याला फोन केला तर म्हणाला, नेटवर्कमध्ये व्हायरस फिरतोय, वर्षाचा करार करून टाकू, ६,००० मध्ये. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. पण तेवढ्यात तो इंटरनेटचा पोरगा विसरलेली पक्कड न्यायला परत आला. आमचं बोलणं त्यानं दारात उभ्यानं ऐकलं.

"काका, बॉक्स बदलला की विंडोज त्याला नवीन नेटवर्क धरतंय. नवीन म्हणजे पब्लिक. स्टँडवर, हॉटेलात असल्यासारखं. मग ते दुसऱ्या मशीनला घरात घेत नाय."

सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट. तिथं पब्लिकवर टिंब होतं. ते त्यानं प्रायव्हेटवर आणलं. बायकोच्या मशीनवरही तेच केलं. फोल्डर उघडलं. मिनिटही लागलं नसेल. चहा घेतला नाही, पक्कड घेऊन गेला.

म्हणजे मी पाणी आणायला गेलो तेव्हा झालं होतं ते एवढंच.

त्या रात्री झोप कसली लागते. साडेअकराला सीपीयू फिरवला आणि काळी टेप नखानं सोलून काढली. स्विचमधून वायर काढली, थेट बॉक्समधून 'उडालेल्या' पोर्टात लावली. खट्ट आवाज झाला आणि पोर्टाच्या कोपऱ्यातला हिरवा दिवा लागला, बाजूचा पिवळा लुकलुकायला लागला. नेटवर्क पुन्हा प्रायव्हेट आहे ना बघितलं. फोल्डर उघडलं.

मग निळ्या केबलचं टोक कापलं. आतली तार ब्लेडनं खरवडली. वरचा तांबूस मुलामा गेला आणि खाली चंदेरी अ‍ॅल्युमिनियम. खऱ्या तांब्याची तार कितीही खरवडा, तांबडीच राहते. आणि आठ तारांपैकी क्लिपमध्ये बसवल्या होत्या चारच, बाकीच्या चार आतल्या आत छाटलेल्या. चार तारांवर १०० एमबीपीएसच्या वर वेग जात नाही, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही लागतात. सेटिंग्जमध्ये लिंक स्पीडसमोर १००/१०० लिहिलेलं होतं. जुन्या वायरीवर तिथंच १०००/१००० दिसलं. म्हणजे पैसे देऊन मी वेग दहापट कमी करून घेतला होता.

पैशापेक्षा मला जास्त लागलं ते पुढचं. त्यानं पासवर्डचं संरक्षण काढून अख्खा डी ड्राइव्ह 'एव्हरीवन'ला उघडा करून ठेवला होता, लिहिण्या-पुसण्याच्या हक्कासकट. वायफायचा पासवर्ड माहीत असलेला कुणीही येऊन गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर उचलू शकला असता. शिवाय एनीडेस्क, म्हणजे लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर, दुकानातून कधीही आत येता येईल असा कायमचा पासवर्ड घालून. ते काढून टाकलं. ड्राइव्हचं शेअरिंग बंद केलं, फक्त 'पत्रिका' शेअर केलं, बायकोच्या नावाचं वेगळं खातं माझ्या मशीनवर काढलं. त्या खात्याला खरा पासवर्ड द्यावा लागतो. विंडोजचा पिन तिथं चालत नाही आणि पासवर्ड रिकामा सोडला तर आत घेत नाही. यात माझा एक तास गेला, आणि कुणाला विचारावं लागलं नाही.

दुकानात गेलो. "काका, तेव्हा आयसी खराबच होती. कधी कधी गरम होऊन परत चालू होते." वर हजार रुपये पुढं केले. घेतले नाहीत, आता वाटतं घ्यायला हवे होते. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन लावला. पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडं मुहूर्त चुकलेली पत्रिका आणि तिच्या मागचे चार आकडे, खाली सही नाही, दुकानाचा शिक्का नाही.

परवा आमच्या गल्लीतल्या कर सल्लागारांकडं रिटर्नचे कागद द्यायला गेलो होतो. तीन कॉम्प्युटर, टॅलीचा डेटा एकावर. महिन्यापूर्वी इंटरनेटची कंपनी बदलली, तेव्हापासून नेटवर्कचा फार त्रास झाला, पण एक चांगला माणूस मिळाला, म्हणाले. मी खाली वाकून सीपीयूच्या मागं बघितलं. काळी टेप होती.