शिमानो 105 ची 11-34 कॅसेट: घाटाच्या शर्यतीसाठी घ्यावी का?

हौशी महिलांच्या शर्यतीत ग्रुप मुळातच लहान असतो. पहिल्याच चढावर तो फुटतो आणि पुढचा बराचसा घाट एकटीने काढावा लागतो. तिथे मागच्या सगळ्यात हलक्या गिअरवर बरंच काही ठरतं. म्हणून 11 स्पीडची ही कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच (मॉडेल एचजी700; 11-34 म्हणजे सगळ्यात लहान चकतीला 11 आणि मोठीला 34 दात), आम्ही घाटाच्याच नजरेने पाहतो आहोत.

आधी हिशेब. 55 किलोची रायडर, 9 किलोची सायकल, किलोभर पाणी आणि कपडे असं एकूण 65 किलो वजन धरा. 8 टक्के चढावर साधारण 140 वॅट लावले तर वेग ताशी 9 किमीच्या आसपास राहतो. पुढे 34 दात आणि मागे 34 असेल तर त्या वेगाला केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) सत्तरच्या घरात पडतो. मागे 28 असेल तर तो 58 वर येतो. पुढे जुन्या धाटणीची 39 ची चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) असली तर थेट 50. पन्नासच्या केडन्सने सिंहगडासारखा नऊएक किलोमीटरचा चढ काढता येतो, पण मांड्या तिथेच संपतात आणि वर पोचल्यावर हल्ला करायला काही उरत नाही. कॅसेटचा खरा फायदा हाच आहे. वजनाचं म्हणाल तर 11-28 पेक्षा ही सुमारे शंभर ग्रॅम जड आहे, म्हणजे तासाभराच्या चढावर पाचएक सेकंदांचा तोटा. त्याची काळजी करू नका.

खरी किंमत सपाटीवर मोजावी लागते. दात असे आहेत: 11-13-15-17-19-21-23-25-27-30-34. यात 12 आणि 14 नाहीत. पुढे 50 वर, 90 च्या केडन्सला, 15 वर ताशी 38 किमी आणि 13 वर जवळपास 44. मधला 41 चा टप्पा, जो 11-28 मध्ये 14 वर मिळतो, इथे नाही. हलक्या उतारावर ग्रुप जोरात असताना ही फट पायांना जाणवते. केडन्स 80 ते 100 मध्ये सहज खालीवर करायची सवय असेल तरच ती भरून निघते.

बसवताना बहुतेक चुका तीन ठिकाणी होतात. पहिली स्पेसरची. 11 स्पीडच्या रोड हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) ही कॅसेट बसवताना आत 1.85 मिमीचा स्पेसर (पातळ कडी) लागतो. तो विसरला तर कॅसेट जागेवर धरणारी लॉकरिंग 40 न्यूटन मीटरला आवळूनही चकत्या हाताने हलतात आणि गिअर आपोआप उड्या मारतात. जुन्या 10 स्पीड हबवर मात्र स्पेसरशिवाय बसते.

दुसरी डिरेलरची, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या मागच्या यंत्रणेची. 105 च्या आर7000 मालिकेचा लांब पिंजऱ्याचा जीएस प्रकारच हवा. आखूड पिंजऱ्याचा एसएस 30 दातांपर्यंतच आहे. पुढे 50/34 आणि मागे 11-34 ला 39 दातांची क्षमता (चेनचा ढिलेपणा सामावण्याची) लागते. जीएसची क्षमता नेमकी तेवढीच आहे, एसएसची 35. हँगरला (फ्रेमवर डिरेलर अडकवायच्या पत्र्याला) एक्स्टेंडर लावून एसएस चालवणारे आहेत, पण शर्यतीसाठी आम्ही तो सल्ला देणार नाही.

तिसरी चेनची. 28 साठी कापलेली चेन इथे आखूड पडते. चुकून 50-34 वर गेलात की डिरेलर ताणला जातो आणि हँगर मोडतो. चेन नवीनच घ्या. जुनी 0.5 टक्क्यांच्या वर ताणलेली असेल तर उभं राहून जोर लावताच नव्या दातांवरून घसरते.

मग पुढे 34, मागे 34 वर ठेवून बी-स्क्रू (डिरेलरची पुली आणि कॅसेटमधलं अंतर ठरवणारा) फिरवा. वरची पुली दातांना घासता कामा नये, पण उगाच लांबही नको, नाहीतर छोट्या चकत्यांवर गिअर आळशी पडतात. लो लिमिट स्क्रू (डिरेलर आत किती जाईल ते ठरवणारा) पुन्हा तपासा. तो सैल राहिला तर 34 वर जाताना चेन थेट आऱ्यांत घुसते. टेम्पोतून सायकल नेताना ती डिरेलरच्या बाजूवर आडवी टाकली असेल, तर स्टार्टलाइनला जाण्याआधी हँगर सरळ आहे ना हे मागून नजर लावून पाहा.

घाटात 50 वरून 34 वर उतरायचं ते चढ सुरू होण्याआधी. त्याच क्षणी मागे दोन-तीन गिअर जड करा, नाहीतर पाय रिकामे फिरतात. पूर्ण जोर लावून उतरवलं तर चेन आत पडते. एक साधा चेनकॅचर हे वाचवतो. 30 वरून 34 ही उडी मोठी आहे, म्हणून वळणाच्या आतल्या उभ्या टप्प्यात शिरण्याआधीच 34 घाला.

चढ दोन-तीन किलोमीटरचे आणि मध्ये सपाटी असेल तर 11-32 घ्या. तिच्यात 12 आणि 14 दोन्ही आहेत. सलग लांब घाट असेल, किंवा तासभर 2.5 वॅट प्रति किलोच्या वर टिकत नसाल, तर 11-34.