"लस दिलीय ताई, बिनधास्त सोडा" म्हणाला आणि माझ्या घरच्या कोंबड्या गेल्या

ह्या वर्षी मिरगाच्या आधी मी पन्नास पिल्लं विकत घेतली आणि त्यात फसले. पैसे सहा हजार गेले, ते कधीतरी भरून निघतील, पण जे गेलं ते पैशात मोजता येत नाही म्हणून हे सगळं लिहितेय, आपल्याकडे घरोघरी कोंबड्या असतात, निदान दुसऱ्या कोणाचं असं होऊ नये.

आमचं घर कुडाळ तालुक्यात, हायवेपासून आत. थोडे माड, काजूची दहाबारा कलमं, एक गाय आणि मागच्या पडवीला लागून खुराडा. कोंबड्या चौदा, सगळ्या गावठी, सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलेल्या, म्हणजे अंडी घरचीच, एखादी खुडूक झाली की तिच्याखाली अकरा-तेरा अंडी ठेवायची आणि २१ दिवसांनी पिल्लं. त्यातली एक उघड्या मानेची, एक ठिपक्यांची जिला आम्ही कवडी म्हणायचो. पण पिल्लांतली निम्मी घार आणि मुंगूस नेतात, संख्या काही वाढत नाही, आणि मालवणकडचे हॉटेलवाले गावठी अंड्याला चांगला भाव देतात, म्हणून मला वाटलं एकदम पन्नास माद्या आणूया.

मोबाईलवर जाहिरात बघितली. 'गावठी क्रॉस, महिन्याची तलंगं, सगळ्या माद्या, संपूर्ण लसीकरण, १२० रुपये नग'. व्हिडिओत तपकिरी पिल्लं, मागे निळी बादली, स्वच्छ शेड. फोन केला तर माणूस बोलायला एकदम गोड, ताई ताई करून. मी म्हटलं दादा, व्हिडिओ कॉलवर पिल्लं दाखवा, तर म्हणे शेडमध्ये रेंज नाही. लसीचं विचारलं तर "लस दिलीय ताई, बिनधास्त सोडा तुमच्या कोंबड्यांत". आणि आजच बुकिंग केलं तर हा रेट, उद्यापासून १५०. मी तीन हजार पाठवले. रेंज नाही म्हणाला तिथेच मी थांबायला हवं होतं.

डिलिव्हरी रात्री अकरा वाजता, हायवेवर, भर पावसात. टेम्पो गोव्याला चाललाय, थांबणार नाही, पटकन पैसे द्या. खोका दोरीने बांधलेला, वरून प्लास्टिक. उरलेले तीन हजार मिस्टरांनी खोका न उघडता दिले. घरी येऊन उघडला तर महिन्याची कुठली, तीन-चार दिवसांची पिल्लं, बोटाएवढी, सात मेलेली. फोन लावला तर "प्रवासाचा ताण असतो ताई", आणि त्यानंतर नंबर बंद.

एवढ्या लहान पिल्लांची माझी तयारीच नव्हती. महिन्याच्या पिल्लांना अंगावर पिसं असतात, ह्यांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. रात्रीच पत्र्याचं गोल कडं केलं, भाताचं तूस पसरलं, दोन बल्ब लावले, गुळाचं पाणी पाजलं. दुसऱ्या रात्री लाईट गेली. ऊब गेली की पिल्लं एकमेकांवर चढून ढीग करतात आणि खालची गुदमरतात, मी पहाटेपर्यंत गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवत बसले तरी पाच गेली.

तेव्हा कवडी नेमकी खुडूक बसलेली. मी अंधारात त्यातली बारा पिल्लं तिच्या पंखाखाली सरकवली. सासूबाई म्हणाल्या, "नवी पिला जुन्यात सोडू नको गो, आठ दिस वायली ठेव." मी म्हटलं आई, लस दिलीय त्यांना. हे वाक्य मला अजून झोपू देत नाही. कवडीने सगळी घेतली, एकालाही चोच मारली नाही. सकाळी ती त्यांना घेऊन खळ्यात फिरत होती.

दोन दिवसांनी एका पिल्लाच्या मागे विष्ठा चिकटून सुकली होती. असं झालं की पिल्लाला हगता येत नाही आणि ते मरतं, म्हणून कोमट पाण्याने पुसायला घेतलं तर माझा अंगठा तपकिरी झाला आणि खालून पिवळं पिल्लू निघालं. सगळी रंगवलेली! पुढे पंखांना पांढरी पिसं फुटायला लागली, आणि तीन-चार आठवड्यांनी जी उरली होती त्यांचे तुरे बघून सासूबाई म्हणाल्या, "ह्ये सगळे कोंबेच दिसतत माका." खरंच, एकही मादी नाही.

हे कसं होतं ते मला नंतर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. अंड्यांसाठी लेअर जातीची पिल्लं काढतात तिथे निम्मे नरच निघतात. ते अंडी देत नाहीत आणि मांसालाही परवडत नाहीत, ब्रॉयलर दीड महिन्यात दोन किलोला जातो तेव्हा हा अर्ध्या किलोच्या आसपास असतो. म्हणून हे नर कवडीमोल भावाने बाहेर जातात आणि कोणीतरी ते रंगवून गावठी म्हणून विकतो. अशा पिल्लांवर लसीचा खर्च कोण करणार?

पण डॉक्टरांकडे मी नरांसाठी गेलेच नव्हते. पिल्लं आणून आठवडा झाला असेल, कवडी गप्प बसायला लागली, तोंड उघडून श्वास घ्यायची, हिरवी हगवण. मग उघड्या मानेची. तिची मान अशी वळली की दाणा दिसतोय पण चोच दुसरीकडेच जातेय, बघवत नव्हतं. मी मेलेली कोंबडी पिशवीत घालून दवाखान्यात नेली. राणीखेत, म्हणजे मानमोडी. ह्याला औषध नाही, फक्त आधी दिलेली लस. पिल्लांसोबत, खोक्यासोबत, गाडीतल्या ट्रेसोबत कसाही येतो. बारा दिवसांत चौदातल्या अकरा गेल्या, त्यात राखणदाराला द्यायच्या राखणीसाठी ठेवलेला कोंबडाही. आमच्या घरच्या कोंबड्यांनाही लस नव्हती, 'गावठीला काही होत नाही' असं आम्ही सगळेच म्हणत आलोय. ते खरं नाही हो. आम्ही मागच्या बाजूला चुना टाकून खोल खड्ड्यात पुरल्या आणि सासूबाई दोन दिवस खुराड्याकडे फिरकल्या नाहीत.

ऑनलाईन फसवणुकीसाठी सरकारी हेल्पलाईन आहे, त्या १९३० नंबरवर फोन करून तक्रार दिली, स्क्रीनशॉट दिले. स्क्रीनशॉट काढून ठेवा, समोरचा माणूस चॅट पुसून टाकतो. पैसे अजून आलेले नाहीत.

आता कोणी पिल्लं घेणार असेल तर कृपा करून दिवसाउजेडी घ्या, खोका उघडून मोजा आणि मगच पैसे द्या. पांढरं फडकं ओलं करून पिल्लाच्या पाठीवर चोळा, रंग असेल तर लगेच कळतो. लस दिली म्हणाला तर कुठली आणि किती तारखेला ते विचारा. राणीखेतची पहिली लस, लासोटा, पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब देतात, म्हणजे तीन दिवसांच्या पिल्लाला 'संपूर्ण लसीकरण' होऊच शकत नाही, हे एवढं जरी मला माहीत असतं! लसीची बाटली शंभरदोनशे पिल्लांची असते म्हणून एकट्याला परवडत नाही, आम्ही आता वाडीतल्या पाच घरांनी मिळून आणली, बर्फात ठेवून, आणि फोडल्यावर लगेच सगळ्यांकडे फिरून संपवली. आणि नवं पाखरू कोणाकडूनही येऊदे, अगदी बहिणीकडून, निदान तीन आठवडे लांब ठेवा, त्यांचं भांडं वेगळं, त्यांच्याकडे जायची चप्पलसुद्धा वेगळी.

उरलेल्या तीन कोंबड्यांतली एक आता अंडी घालतेय, ती मी खात पण नाही आणि विकत पण नाही, साठवतेय.

काल परत तोच व्हिडिओ दिसला. नाव वेगळं, नंबर वेगळा, रेट १३०. मागची निळी बादली तीच.