पाळीआधीचा आठवडा: तलावपाळीच्या फेऱ्या की समुपदेशन?

पाळीआधीच्या त्रासावर व्यायाम की समुपदेशन, ही निवड करण्याआधी दोन महिने एक काम करा. कालनिर्णयवर रोज रात्री एक शब्द लिहा: रडले, भांडले, पोट फुगलं, झोप नाही. माझ्या नोंदी पाळीआधीच्या आठ दिवसांतच दाटायच्या आणि पाळी आली की दोन दिवसांत विरायच्या. पीएमएस, म्हणजे पाळीआधी होणारा हा शरीर-मनाचा त्रास, ओळखायला रक्ताची चाचणी नाही, डॉक्टरही अशाच नोंदी मागतात. त्रास महिनाभर सारखाच असेल, तर दुखणं वेगळं असू शकतं.

आता व्यायाम, म्हणजे भरभर चालणं. पैसे लागत नाहीत, चपला बदलल्या की झालं. ठाण्यात तलावपाळी, उपवन. नवी मुंबईत वाशीचं सागर विहार किंवा नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यान. आठवड्याला 150 मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. फुगलेलं पोट, अंग जड होणं, झोप यांत मला फरक जाणवला, पण तिसऱ्या महिन्यात. यावरचे अभ्यास छोटे आहेत, निष्कर्ष मात्र बहुतेक अनुकूल. खरी गोची वेगळीच. ज्या दिवसांत गरज असते, त्याच दिवसांत पलंगावरून उठवत नाही. म्हणून सवय आधीच्या पंधरवड्यातच लागायला हवी.

समुपदेशनात पीएमएससाठी सर्वाधिक वापरली जाते ती सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलण्याची पद्धत. साधारण आठ ते बारा सत्रं. खर्चिक आहे, मी सत्रामागे बाराशे मोजले, वर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये जीव गेला तो वेगळाच. (ऑनलाइन सत्रं मिळतात, हे उशिरा सुचलं.) गोळ्यांशी तुलना करणाऱ्या एका ब्रिटिश अभ्यासात फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीने आराम लवकर पडला, पण वर्षभराने सीबीटीचा परिणाम जास्त टिकलेला दिसला.

मला त्यातून मिळालं ते असं. घरात आवाज चढला की “तारीख जवळ आली वाटतं” हे ठरलेलं वाक्य, आणि मीही ते मान्य करून गप्प बसायचे. समुपदेशक बाईंनी विचारलं, “भांडी खरंच घासायची पडलेली होती ना?” होती. तक्रार खरी, फक्त तिचा आवाज त्या आठवड्यात दुप्पट.

तेव्हा शरीराच्या तक्रारी जास्त असतील, तर चालणं सुरू करा. चिडचिड, अपराधीपणा आणि नात्यांतली ओढाताण जास्त असेल, तर आधी समुपदेशन, परवडत असेल तर दोन्ही. नोकरी किंवा घर चालवणं अशक्य होत असेल, तर या तुलनेत अडकू नका, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जगणं नकोसं वाटत असेल, तर आजच. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

मी सत्रं संपवली, चालणं ठेवलं. भांड्यांचा विषय आता पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात काढते. भांडी तेव्हाही तिथेच असतात.